सौर-पवनऊर्जेतला रोजगार: उभारणी झाल्यावर तालुक्यात काय उरतं?

शिल्पनिदेशक

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिल्प निदेशक आहे. प्रवेशाचे दिवस आले की पालक एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, पोराला सोलर टेक्निशियनला घालू की इलेक्ट्रिशियनला? सगळीकडे सोलरच चाललंय." प्रामाणिक उत्तर द्यायचं तर या राज्यात स्वच्छ ऊर्जेतून काम किती निघतंय, कुठे निघतंय आणि किती वर्षं टिकतंय, हे कळायला हवं. म्हणून हा धागा.

राज्यात सध्या तीन आघाड्यांवर जोरात काम चाललं आहे. पहिली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ ची, पण वेग आला २०२३ मधल्या दुसऱ्या टप्प्यानंतर. शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून शेतीकडे जाणाऱ्या लाइनला) दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांजवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे, एकूण उद्दिष्ट १६,००० मेगावॅट. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॅटचा. दुसरी आघाडी सौर पंपांची. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. तिसरी घरांच्या छपरांची. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. देशभरात एक कोटी घरं धरली आहेत आणि १७ लाख थेट रोजगारांचा अंदाज केंद्र सरकारने दिला आहे.

आता मूळ मुद्दा. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या अभ्यास संस्था आणि स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स यांनी २०१७ मध्ये कंपन्यांकडून माहिती घेऊन एका मेगावॅटमागे किती काम निघतं याचा हिशोब मांडला होता. छपरावरच्या सौरला मेगावॅटमागे २४.७२, जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पाला ३.४५ आणि पवनऊर्जेला १.२७. एकक आहे मनुष्य-वर्ष, म्हणजे एका माणसाचं एक वर्षभराचं पूर्णवेळ काम. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण बातम्यांमध्ये हाच आकडा थेट 'नोकऱ्या' म्हणून छापला जातो आणि वाचणाऱ्याला वाटतं की तितक्या माणसांना कायमचं काम लागलं.

त्याच हिशोबात देखभाल आणि चालवणं यांचा वाटा मेगावॅटमागे जेमतेम अर्धा माणूस आहे. बाकी सगळं आराखडा, परवानग्या आणि उभारणीत. म्हणजे पाच मेगावॅटच्या प्रकल्पावर उभारणीच्या काळात खांब रोवणारे, स्ट्रक्चर बसवणारे, केबल ओढणारे असे बरेच हात लागतात. प्रकल्प चालू झाला की दोन-तीन माणसं पुरतात: एक सुरक्षारक्षक, एक पॅनेल धुणारा आणि गवत कापणारा, आणि कधीतरी येणारा तंत्रज्ञ. तोही बहुतेक वेळा पाच-सहा प्रकल्प मिळून एकच असतो. १६,००० मेगावॅट सगळे उभे राहिले तरी याच हिशोबाने कायमचं काम सुमारे ८,००० माणसांना. राज्याच्या मानाने हा आकडा फार मोठा नाही.

छपराचं गणित वेगळं आहे. एक मेगावॅट म्हणजे ३ किलोवॅटची सुमारे ३३३ घरं. २४.७२ मनुष्य-वर्षं त्यांच्यात वाटली तर एका घरामागे साधारण बावीस माणूस-दिवसांचं काम येतं. यात छपरावर चढणारी दोन माणसं तेवढीच मोजलेली नाहीत, बाकीचंही आहे. पाहणी, आराखडा, कर्जाची कागदपत्रं, महावितरणच्या पोर्टलवरचा अर्ज, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर), हे सगळं त्यात आलं. यातलं बरंचसं काम त्याच गावात, त्याच तालुक्यात होतं. बाहेरून टोळी येऊन जात नाही.

माझं मत सांगतो. सरकारने मेगावॅट मोजणं सोडू नये, पण रोजगाराचा दावा करायचा असेल तर तो 'उभारणीचं काम' आणि 'टिकणारं काम' असा वेगळा करून, जिल्हावार सांगावा. आणि टिकणारं काम वाढवायचं असेल तर सगळा भर दुरुस्तीवर हवा. आता लाखोंनी उपकरणं शेतात आणि छपरांवर गेली आहेत. त्यांना पंचवीस वर्षं सांभाळणारे हात तालुक्यात तयार झाले तरच या क्षेत्रात पिढीभराचा रोजगार आहे.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया लिहावं.

बांधावरचा वायरमन

सर, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी सौर पंपांची सर्व्हिस करतो, जालना-बीड पट्ट्यात. एका पुरवठादार कंपनीच्या सब-कंत्राटदाराकडे आहे, नाव घेत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण आज तिथे काय चाललंय ते ऐका. पंपाबरोबर पाच वर्षांची देखभाल कंपनीने करायची असते, ती किमतीत धरलेली असते. शेतकरी तक्रार नोंदवतो, ती कंपनीकडे जाते, कंपनी आमच्या मालकाला कळवते, मालक मला. माझ्याकडे तीन तालुके. पैसे तक्रारीमागे मिळतात, पगार नाही. पेट्रोल माझं. एका टोकाला परतूर आणि दुसऱ्या टोकाला गेवराई असेल तर दिवसात दोनच तक्रारी होतात. पाऊस लांबला की सगळ्यांचे पंप एकदम हवे असतात आणि मग शेतकरी आपल्यावर चिडतो. त्याचं पीक वाळत असतं, त्याचंही चूक नाही.

बिघाड काय येतात? पॅनेल क्वचित. बहुतेक वेळा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलच्या विजेवर पंप चालवणारा डबा. वीज पडून कार्ड जळतं, अर्थिंग नीट केलेलं नसतं. उंदीर केबल कुरतडतात. वळवाच्या वादळात स्ट्रक्चर पिळवटतं, कारण फाउंडेशन कमी खोल घेतलेलं असतं. बोअरचं पाणी खाली गेलं की पंप कोरडा चालतो आणि कंट्रोलर सारखा ट्रिप होतो. शेतकरी म्हणतो बिघडला, खरं तर बोअर आटलेलं असतं.

यातलं जवळजवळ सगळं तालुक्यातला चांगला वायरमन करू शकतो. पण कंट्रोलर प्रत्येक कंपनीचा वेगळा, पासवर्ड लावलेला, सर्किटचा नकाशा कुणालाच देत नाहीत. आम्ही फक्त डबा काढून नवा डबा लावतो, जुना परत पाठवतो. नवा यायला कधी आठवडा, कधी महिना. म्हणजे हाताला कौशल्य लागू नये अशीच ही सगळी व्यवस्था बसवलीय. जोपर्यंत सरकार निविदेतच लिहीत नाही की कंट्रोलरचं सर्व्हिस मॅन्युअल आणि सुटे भाग खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत, तोपर्यंत तालुक्यात दुरुस्तीचा धंदा उभा राहणार नाही.

दुसरं, युनिव्हर्सल कंट्रोलर म्हणून प्रकार आहे. पंप बंद असताना त्याच पॅनेलवर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी चालवता येते. पंप वर्षातले सगळे दिवस थोडाच चालतो? उरलेल्या दिवसांत ती वीज वाया जाते. हा कंट्रोलर सगळीकडे गेला तर गावात नवी कामं निघतील, आणि त्याची दुरुस्तीही लागेल.

पठारावरचा

पाटण तालुका, सातारा. आमच्याकडे ही चर्चा पंचवीस वर्षं जुनी आहे, म्हणून लिहितो.

वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर या पठारांवर पवनचक्क्या आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतर. त्या काळी आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत वनकुसवड्याचं नाव घेत. गावोगावच्या लोकांना वाटलं, आता मुंबईला जायची गरज नाही. पठारावरच्या जमिनी विकल्या गेल्या, रस्ते झाले, क्रेन आल्या. ती दोन-तीन वर्षं काम होतं हे खरं. नंतर उरली ती सुरक्षारक्षकाची, ड्रायव्हरची आणि सबस्टेशनवरची थोडी कामं. ज्या मोजक्या पोरांनी टॉवरवर चढायचं काम शिकून घेतलं, ती मात्र वर गेली. आज त्यातले काही गुजरातेत, काही कर्नाटकात, तमिळनाडूत आहेत. पगार चांगले. पण ती गावाबाहेरच आहेत.

आता जुन्या यंत्रांची मुदत संपत आलीय. २२५ आणि ३५० किलोवॅटची लहान यंत्रं काढून त्या जागी दोन-तीन मेगावॅटची बसवायची, याला रिपॉवरिंग म्हणतात. केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं. वाऱ्याच्या सर्वांत चांगल्या जागा जुन्या लहान यंत्रांनी अडवल्यात, त्यामुळे विजेच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं. पण रोजगाराच्या दृष्टीने बघा: दहा यंत्रांच्या जागी एक आलं तर सांभाळायला माणसं कमी लागणार. वाढेल ते काम सुट्या भागांचं, पात्यांच्या दुरुस्तीचं, गिअरबॉक्सचं. त्यासाठी पाटणला किंवा कराडला वर्कशॉप आणि प्रशिक्षण केंद्र पाहिजे. उंचीवर काम करायला जीडब्ल्यूओचं (पवनऊर्जेतल्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या जागतिक संस्थेचं) प्रमाणपत्र लागतं, ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं आणि खर्चिक आहे. ज्या तालुक्याने पंचवीस वर्षं वारा दिला त्या तालुक्यातल्या पोरांना ते फुकट मिळायला नको का?

जुनी पाती कापून कुठे टाकायची हाही प्रश्न आहे. फायबरची असतात, सहज वितळवता येत नाहीत. त्यातही काम आहे, पण त्यावर इकडे कुणी बोलत नाही.

वाचक_धुळे

पठारावरचा यांच्याशी सहमत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. इतक्या वर्षांत आसपासच्या गावांत किती घरं त्यावर उभी राहिली ते एकदा कुणीतरी मोजावं. इतका जुना आणि इतका मोठा प्रकल्प दुसरा कुठे शोधणार अभ्यासाला?

दुर्गापूर लाइन

चंद्रपूरहून.

माझे वडील महाऔष्णिक केंद्रात कंत्राटी होते, ॲश हँडलिंगला. आता भाऊ कोल हँडलिंगला आहे, तोही कंत्राटीच. तुमची सगळी चर्चा वाचली आणि एकच विचारावंसं वाटलं. वाढणारं काम मराठवाड्यात, छपरांवर, पुण्या-नाशकात. कमी होणार असलेलं काम आमच्याकडे. या दोघांचा एकमेकांशी संबंध कोण जोडणार?

चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं. त्याच्या आत कायम कर्मचारी जितके, त्याहून कितीतरी जास्त लोक त्याच्या भोवती जगतात. कंत्राटी मजूर, ट्रकवाले, वेकोलिच्या (सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणींतले लोक, राखेपासून विटा करणारे, टायर-पंक्चरवाले, खानावळी, क्वार्टरच्या बाजूची किराणा दुकानं. सोलर पार्क कितीही मोठा केला तरी त्याच्या फाटकासमोर खानावळ चालत नाही, कारण आत जेवायला माणसंच नसतात.

हे लगेच होणार नाही, कोळसा अजून बरीच वर्षं लागणार आहे, हे मलाही कळतं. पण वेळ आहे म्हणूनच आत्ता बोलायला हवं. परळी आठवा. २०१५ मध्ये पाणी नव्हतं म्हणून संच बंद ठेवावे लागले. कायम कर्मचाऱ्यांची दुसरीकडे सोय होते, कंत्राटी माणसाला 'उद्यापासून येऊ नको' एवढंच सांगतात. परळीचे जुने संच तर नंतर कायमचेच बंद झाले, आता तीन संच आणि ७५० मेगावॅट उरलंय. त्या कंत्राटी लोकांचं पुढे काय झालं याची नोंद तरी कुणी ठेवली का? झारखंडने २०२२ मध्येच कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याच्या बदलासाठी राज्याचं कृतिदल नेमलं. कोळशावरच्या जिल्ह्याला आधी विचारून, आधी तयारी करून पुढे जायचं, एवढंच मागणं आहे.

आणि कृपा करून 'कोळशावरच्या कामगारांना सोलरचं प्रशिक्षण द्या' एवढ्यावर थांबू नका. माझा भाऊ चाळिशीत आहे. तो तीन महिन्यांचा कोर्स करून पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून छपरांवर चढणार आहे का? काम इथे आलं पाहिजे. जमीन आहे, रेल्वे आहे, पारेषणाच्या मोठ्या लाइनी आहेत, यंत्रांवर हात बसलेली माणसं आहेत. पॅनेलचे, बॅटरीचे, ट्रान्सफॉर्मरचे कारखाने इथे आणा. पॅनेलचे मोठे कारखाने गुजरातेत गेले. बॅटऱ्यांच्या वेळी तरी विदर्भाचं नाव पुढे यावं.

अर्थ_आणि_अन्वय

चांगली चर्चा. एक वेगळा कोन मांडतो.

फक्त प्रकल्पावरचे हात मोजून या क्षेत्राचा राज्याच्या अर्थव्यवस्थेवरचा परिणाम कळणार नाही. वीज हा स्वतः मोठा रोजगार देणारा धंदा नाही, तिच्यावर चालणारे धंदे रोजगार देतात. महाराष्ट्रात शेतीला स्वस्त वीज देण्यासाठी उद्योगांकडून जास्त दर घेतला जातो. त्यामुळे शेजारच्या राज्यांपेक्षा इथली वीज महाग पडते अशी इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांपासून जालन्याच्या स्टीलवाल्यांपर्यंत सगळ्यांची जुनी तक्रार आहे. कृषी वाहिनीतली सौर वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते. शेतीची वीज एवढी स्वस्त झाली तर उद्योगावरचा बोजा कमी व्हायला जागा होते. त्यातून टिकणारा रोजगार सोलर प्रकल्पांवरच्या आठ हजारांपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो.

शिवाय दिवसा वीज मिळाली की रात्री बाराला शेतात जाऊन मोटार लावणं थांबतं. साप-विंचवाची भीती, थंडीतलं जागरण थांबतं. हे कुठल्याच रोजगाराच्या तक्त्यात येत नाही, पण शेतीत राहायला तरुण माणूस तयार होण्यासाठी त्याची किंमत मोठी आहे. प्रकल्प ज्या गावात होतो त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख मिळतात, जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. हा पैसाही गावातच फिरतो.

सूर्य मावळल्यावर काय, हा पुढचा टप्पा. त्यात सह्याद्रीला संधी आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) २००८ पासून आहे. टाटा पॉवरने शिरवटा (१,८०० मेगावॅट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॅट) इथल्या प्रकल्पांसाठी राज्याशी करार केलेत. बोगदे, जलविद्युत यंत्रं, गेट यांचं काम वर्षानुवर्षं चालतं आणि कोयनेमुळे ते जाणणारी माणसं आपल्याकडे आहेत.

शिल्पनिदेशक

@अर्थ_आणि_अन्वय, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही. उद्योगाला स्वस्त वीज मिळाल्यावर कारखाना वाढेल तो चाकण, शेंद्रा, बुटीबोरीला. पॅनेल लागतील ते गेवराई आणि परतूरला. भाड्याचंही तसंच. जमीनमालकाला सव्वा लाख मिळतात, पण त्याच जमिनीवर सोयाबीन काढायला जाणारी मजूर बाई आणि तिचा नवरा यांचं काम जातं. जमीन हलकी, पडीक असेल तर प्रश्न कमी. ओलिताची असेल तर गावातला एकूण रोजगार वाढला की घटला, हे बेरीज-वजाबाकी करूनच सांगावं लागेल.

@दुर्गापूर लाइन, तुमचं बरोबर आहे. चाळिशीतल्या माणसाला गाव सोडून नव्याने सुरुवात करायला सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणं. तुमच्या भावासारख्या माणसाला कन्व्हेयर, मोटारी, ब्रेकर यांची जी जाण आहे ती ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती किंवा उपकेंद्राच्या कामाला थेट उपयोगी पडते. सौर प्रकल्प वाढले तशी ३३ केव्हीची उपकेंद्रं आणि लाइनी वाढतायत, आणि हे काम पॅनेल धुण्यापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे.

छपरावरची

मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल. नाशिकला रूफटॉपमध्ये आहे, आधी पाहणी आणि आराखडा, आता साइट सुपरव्हिजन.

भारतात रूफटॉप क्षेत्रात बायकांचं प्रमाण सुमारे ११ टक्के असल्याचं सीईईडब्ल्यू आणि आयईए (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था) यांच्या २०१९ च्या अभ्यासात आलं होतं. जगभरात नवीकरणीय ऊर्जेत ते ३२ टक्के आहे, आयरेना या आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीत. आणि त्या ११ मधल्या बहुतेक ऑफिसात असतात: ड्रॉइंग, पोर्टल, ग्राहकांचे फोन. छपरावर फार थोड्या. मला हे काम खूप आवडतं म्हणून सांगते, अडचण उंचीची नाही. सेफ्टी हार्नेस पुरुषाच्या मापाचा येतो. साइटवर स्वच्छतागृह नसतं. संध्याकाळी सहानंतर गावातून परत यायला गाडी नसते. या तीन गोष्टी सुधारल्या तर पुढच्या वर्षी तुम्हाला दुप्पट मुली दिसतील.

सुरक्षेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. सौर पॅनेलची डीसी बाजू (इन्व्हर्टरने घरातल्या एसी विजेत बदलण्याआधीची) ऊन असताना बंद करता येत नाही. घराचा मेन स्विच पाडला तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये काहीशे व्होल्ट असतातच. एसीचा ठिणगीचा जाळ स्वतः विझायची शक्यता तरी असते, डीसीचा आर्क, म्हणजे ठिणगीचा जाळ, टिकून राहतो. कनेक्टर वेगवेगळ्या कंपन्यांचे जोडले, क्रिंपिंग (वायरचं टोक कनेक्टरमध्ये दाबून बसवणं) योग्य हत्याराऐवजी साध्या पकडीने केलं की तिथे तापतं आणि दोन वर्षांनी जळतं. घाईने केलेल्या कामात हे नेहमी दिसतं. मी आधी जिथे होते त्या फर्ममध्ये पत्र्याच्या छपरावर हार्नेसशिवाय चढवायचे. ओल्या पत्र्यावरून एक सहकारी घसरला, पाय मोडला. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नव्हता. उपचाराचा खर्च आम्ही सगळ्यांनी मिळून काढला.

म्हणून माझ्यासाठी 'किती नोकऱ्या' याच्या बरोबरीने 'कसल्या नोकऱ्या' हा प्रश्न आहे. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचंच, असं त्यात आहे. रूफटॉपमधल्या किती पोरांच्या हातात ते पडतंय, हे तपासायला हवं.

एक चांगली गोष्ट: वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यात कवठ्याला बचत गटाच्या बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने सौर पॅनेल बनवण्याचं काम उभं केलं. मोठ्या कारखान्यांच्या किमतीशी टक्कर देणं अवघड आहे, पण सोलर दिवे, छोट्या पॅनेलची जोडणी, दुरुस्ती यांत असे गट नक्की टिकू शकतात. त्यांना सरकारी खरेदीत जागा ठेवावी.

लघुउद्योजक_सांगली

छपरावरची ताई, तुमचं सगळं पटलं. माझी रूफटॉपची छोटी फर्म आहे. दुसरी बाजूही सांगतो.

या धंद्यात योजनेची लाट येते. अनुदान जाहीर झालं की एकदम शंभर चौकशा, माणसं घ्यावी लागतात. मग कधी डीसीआर पॅनेलचा (अनुदानासाठी लागणाऱ्या, देशात बनलेल्या पॅनेलचा) तुटवडा, कधी पोर्टल अडतं, कधी नेट मीटर मिळत नाहीत. काम थांबतं, पण पगार थांबवता येत नाही. सहा महिने असंच गेलं की छोटी फर्म माणसं सोडते. पुढच्या लाटेला पुन्हा नवी पोरं, पुन्हा शिकवा. नेमणूकपत्र, ईएसआय, पीएफ हे सगळं मी देतो, आणि त्यामुळे माझं कोटेशन न देणाऱ्यापेक्षा जास्त येतं. ग्राहक कमी दराकडे जातो. योजनेच्या यादीवरच्या प्रत्येक विक्रेत्याकडून कामगारांच्या ईएसआय-पीएफचं चलन मागितलं तर एका दिवसात स्पर्धा सरळ होईल.

भरतीबद्दल: मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन घेतो आणि सोलर स्वतः शिकवतो. ते महिन्याभरात शिकतात. नुसता छोटा सोलर कोर्स केलेल्याला घराचं वायरिंग, अर्थिंग, एमसीबीची निवड येत नाही, आणि कामातल्या अडचणी सगळ्या तिथेच असतात.

आई_लातूरची

सगळं वाचलं, बरंच कळलं. माझा मुलगा बारावी सायन्सला नापास झालाय. दहावीला ७१ टक्के आहेत. 'सूर्यमित्र' नावाचा कोर्स मोफत असतो असं एकाने सांगितलं. खरं आहे का? त्याला तिकडे पाठवू का?

शिल्पनिदेशक

ताई, खरं आहे. सूर्यमित्र हा राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा कार्यक्रम, २०१५ पासून चालू आहे. काही महिन्यांचा असतो आणि शिकणाऱ्याकडून फी घेत नाहीत. पण त्याला दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असा आयटीआय झालेला असावा लागतो. म्हणून मुलाला आधी इलेक्ट्रिशियनला घाला, दोन वर्षांचा आहे. सोलर टेक्निशियन हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेडही चांगला आहे, पण त्यातून सोलरचंच काम मिळतं. इलेक्ट्रिशियनला सोलर, उपकेंद्र, कारखाना, चार्जिंग स्टेशन, महावितरणची भरती, सगळी दारं उघडी राहतात. सांगलीच्या दादांनी लिहिलंय तेच मीही बघतो. नंतर अप्रेंटिसशिप झाली की सूर्यमित्र करू दे. बारावी नापास झाला म्हणून त्याला बोलू नका, दहावीच्या गुणांवर सरकारी आयटीआयला नंबर लागायला हरकत नाही.

आणि एक विनंती सगळ्यांना. २०१९ च्या सुमारास मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेत जे पंप बसले, त्यांची पाच वर्षं आता संपलीत. त्यांचं पुढे काय झालं, ज्यांच्या गावात असतील त्यांनी लिहा. दुरुस्तीचा बाजार तयार होतोय की पंप पडून आहेत, हे तिथेच दिसेल.

ज्वारीचं रान

मंगळवेढा. आमचा पंप त्याच योजनेतला. मुदत संपल्यावर सहा-सात महिन्यांत कंट्रोलर गेला. कंपनीला फोन केला तर नवा कंट्रोलर घ्या म्हणाले, आणि किंमत ऐकून गप्प बसलो. गावात एक पोरगा मोबाइल आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याने बाजारातला सोलर व्हीएफडी (मोटारीचा वेग सांभाळून ती चालवणारं यंत्र) कंट्रोलरच्या जागी आणून जोडला, सेटिंग बसवायला दोन दुपारी लागल्या. पंप तेव्हापासून चालू आहे. आता त्याच्याकडे आजूबाजूच्या गावांतून लोक येतात. पण त्याच्याकडे कसलाच कागद नाही, आयटीआयही नाही. त्यामुळे कंपनी त्याला काम देत नाही आणि वॉरंटीतल्या पंपाला त्याने हात लावला की वॉरंटी जाते. अशा पोराने काय करावं?

बांधावरचा वायरमन

@ज्वारीचं रान, त्याला सांगा व्हीएफडीच्या आधी डीसी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या झटक्यापासून बचाव) लावलंय का ते आधी बघ. अर्थिंग वेगळी घे, पंपाची आणि पॅनेलची. वीज पडली तर व्हीएफडी पहिला जातो. आणि कोरडा चालल्यावर बंद होण्याचं सेटिंग त्यात असतं, ते चालू कर. एवढं केलं तर पंप पुढची कित्येक वर्षं त्रास देणार नाही.

शिल्पनिदेशक

त्या मुलासाठी दोन वाटा आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, त्याला आरपीएल म्हणतात. पूर्ण कोर्स करावा लागत नाही. त्याने स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सच्या सोलर पंप तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमावर आरपीएल कुठे चालू आहे ते जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारावं. ते प्रमाणपत्र म्हणजे वायरमनचा परवाना नव्हे, हे मात्र त्याला स्पष्ट सांगा. परवाना विद्युत निरीक्षकांच्या बाजूने मिळतो आणि त्याच्या अटी वेगळ्या आहेत. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन निदेशकांना भेटला तर ते सगळं समजावून सांगतील. जाताना जळालेला जुना कंट्रोलर सोबत न्यावा. मुलांना उघडून दाखवायला आमच्याकडे असले कंट्रोलर नाहीत, तिथेही नसतील.